मधली खुर्ची

देवाचं बोलावणं आलं तर आपल्याला ते ऐकू येईल का, अशी काळजी पुष्कळ भाविकांना असते. थोरल्याची पंचाईत उलटी होती. त्याला स्वच्छ ऐकू आलं होतं!

थोरला म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक. दोन भावांतला मोठा, म्हणून घरात आणि चर्चच्या मंडळीतही तो थोरलाच. सकाळचे पाव भट्टीतून निघाले की मैद्याच्या कोठीत गोणीवर बसून प्रार्थना करायचा त्याचा नेम होता. त्या दिवशीही तो बसला होता. यीस्ट जुनं निघालं, गिऱ्हाईक कटकट करतं, गुडघे दुखतात, असं सगळं गाऱ्हाणं प्रभूच्या कानावर घालून झालं, आणि एकाएकी कोणी शेजारी बसून बोलावं तसे शब्द त्याच्या मनात उमटले. धाकट्याला घरी आण.

थोरला ताडकन उठला. धाकट्याचं नाव त्या घरात कोणी काढत नसे. भट्टीवर पाळी असताना तो पिऊन तर्र होऊन झोपला, तेलाच्या डब्यांनी पेट घेतला, आणि त्याला ओढून बाहेर काढताना वडिलांचे दोन्ही हात भाजले. त्यानंतर वडिलांनी कधी मैदा मळला नाही. चहाचा कपसुद्धा त्यांना दोन्ही तळव्यांत दाबून धरावा लागायचा. ते गेले त्या दिवशी धाकटा दारात आला, तर थोरल्याने त्याच्या तोंडावर दार लावलं. आता तो बस स्थानकामागच्या कुठल्याशा खोलीत यकृत नासवून अंथरुणाला खिळलाय, हे थोरल्याच्या कानावर आलं होतं. कानावर आलं आणि तिथेच राहिलं.

त्याने बायकोला सांगितलं. ती टेबल पुसत होती, ती थांबली.

"आणायचं तर आणा," ती म्हणाली. "मला तो नको आहे, खोटं कशाला बोलू? पण करेन त्याचं. फक्त एक करा. नाही आणलंत, तर 'बायको नको म्हणाली' असं गावभर सांगत फिरू नका."

झालं! म्हणजे ती पळवाटही बंद. मग तो आत्याकडे गेला. आत्या ही वडिलांची धाकटी बहीण. जन्मभर इस्पितळात सिस्टर होती, डॉक्टर मंडळी तिला टरकून असत. खुब्याचं हाड मोडल्यापासून मात्र एका खोलीत खिडकीशी पडून असायची.

"तुला ऐकू आलं ना?" तिने विचारलं.

"आलं गं. पण ते देवाचंच कशावरून? माझ्याच मनाचे खेळ असतील."

"तुझं मन धाकट्याला घरी आण म्हणेल? तुझं मन? अरे, लहानपणापासून ओळखते मी तुला. तुझ्या मनात आलं असतं तर 'नवी भट्टी घे' असं आलं असतं."

थोरल्याला हसू आलं नाही. "बाबांचे हात आठवतात, आत्या."

"मलाही आठवतात. ड्रेसिंग कोणी केलं त्यांचं? मीच ना? पट्टी सोडताना किंचाळायचा माझा भाऊ, आणि श्वास लागला की विचारायचा, धाकटं जेवलं का. त्याच हातांनी ओढून काढलंय त्याला, कळलं? मला उठता येत असतं तर तुझ्या तोंडाकडे बघत बसले नसते. आजच जा."

"गुरुवारी सभेत मांडतो आणि मग..."

"मांड बाबा, मांड," आत्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "माणूस तिकडे मरतोय आणि हा मांडतोय!"

आता ही गुरुवारची सभा काय होती ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. उपासनागृहामागच्या खोलीत चांगली दणकट, हातांची लाकडी खुर्ची होती. ज्याला देवाचं पाचारण झालंय असं वाटे, त्याने खोलीच्या मधोमध त्या खुर्चीत बसायचं. बाकीच्यांनी त्याच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि मग देवाकडून आपापल्याला काय 'मिळालं' ते सांगायचं. सगळ्यांना एकच मिळेपर्यंत त्याने पाऊल उचलायचं नाही, असा शिरस्ता. घाईत कोणी वेडंवाकडं करू नये म्हणून कधीकाळी सुरू झालेला. हेतू चांगलाच होता, मंडळी! पण त्या खुर्चीत बसून उठलेल्या माणसाने नंतर खरोखर काही केलं, असं कोणाला फारसं आठवत नव्हतं.

थोरला खुर्चीत बसला. शाळेतल्या बाईंना शांती मिळाली. औषधाच्या दुकानवाल्याला मिळालं की 'धीर धर'. विमावाले काका सभा चालवत, त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "मला एक दार दिसतंय. बंद आहे."

"म्हणजे थांबायचं?" थोरल्याने विचारलं. आणि खरं सांगायचं तर, ते विचारताना त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. केवढं बरं वाटलं त्याला! आपण नाही म्हणत नाही, आपण थांबलोय. नाही म्हणणारा पापी, आणि थांबणारा श्रद्धावान. शिवाय घरी मागची खोली रिकामी करून ठेवली, पलंग टाकला, म्हणजे तयारी नाही असंही कोणी म्हणू नये.

पुढच्या गुरुवारीही दार बंदच होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी किलकिलं झालं, पण औषधवाल्याला काहीच मिळालं नाही, त्याला सर्दी झाली होती. थोरला आता सकाळीही ज्यादा प्रार्थना करू लागला, संध्याकाळीही करू लागला. गल्ल्यावरच्या बाईंना त्याची सक्त ताकीद होती: मी प्रार्थनेत असताना कोणाचाही फोन द्यायचा नाही. कोणाचा म्हणजे कोणाचाच. त्या बिचाऱ्या हुकमाच्या ताबेदार. दोन-तीनदा कोणीतरी खोकत बोलणारा माणूस थोरल्याला विचारत होता, तेव्हा त्यांनी इमानाने सांगितलं, "मालक प्रार्थनेत आहेत." थोरल्याला नंतर निरोप मिळाला. धाकटाच तो, हे त्याने ओळखलं. आणि पुढच्या गुरुवारची वाट पाहिली.

अखेर एका गुरुवारी विमावाल्या काकांचं दार सताड उघडलं. सगळ्यांचं एकमत झालं, स्तुतिगीत झालं. पुढच्या गुरुवारी थोरल्याने सगळ्यांपुढे उभं राहून देवाच्या करणीची साक्ष द्यायची, असंही ठरलं. थोरला मात्र आणखी आठवडाभर पलंगाला नवी गादी शिवून घेत बसला, आणि साक्षीच्याच दिवशी दुपारी धाकट्याच्या पत्त्यावर पोचला.

जिना अंधारा आणि अरुंद, एकामागे एक चढावं असा. वरच्या खोलीत दोन खाटा. एकीवरचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. दुसरीवर सुजलेल्या पायांचा, पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा बसला होता.

"बेकरीवाला ना तू?" तो म्हणाला. "नाक त्याचंच आहे. मला कर्नल म्हणतात. सैन्यात नव्हतो, मिशीमुळे म्हणतात. तुझा भाऊ गेला परवा."

"गेला? कुठे गेला?"

"कुठे जातात माणसं? काल पुरला. नगरपालिकेची माणसं आली होती. कोणी आहे का म्हणाले. मी खालच्या दुकानातून तुझ्याकडे फोन करवला. मालक प्रार्थनेत आहेत, म्हणाले."

थोरला रिकाम्या खाटेच्या कडेवर बसला. कर्नलला कीव बीव काही आली नाही. तो सांगतच राहिला.

"पहिल्यांदा दुकानातल्या पोराचा फोन वर मागवून त्याने तुला लावला आणि कळलं ना, की भाऊ प्रार्थनेत आहे, तेव्हा हसून हसून ठसका लागला त्याला. पण मग रोज विचारायला लागला. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच. 'कर्नल, दादाची प्रार्थना संपली असेल का हो?' मी म्हणायचो, संपेल रे, मोठी असेल. शेवटी शेवटी तर मलाच पटवायचा, की आज संपणार." त्याने मिशीवरून हात फिरवला. "जा आता. सोमवारी खोलीचा मालक मलाही बाहेर काढणार आहे, उठता येत होतं तोवर भाडं तुझा भाऊ मागून आणायचा. जा, तुझ्या प्रार्थनेची वेळ झाली असेल."

खरोखरच झाली होती. थोरला सभेत पोचला तेव्हा सगळे गोल बसून त्याचीच वाट पाहत होते. मध्ये खुर्ची मांडलेली.

"या! साक्ष द्या!" विमावाले काका म्हणाले.

"तो परवा गेला," थोरला म्हणाला. "मी गादी शिवत होतो."

मग शाळेच्या बाई हळूच म्हणाल्या, "प्रभूची वेळ..."

"प्रभूचं नाव घेऊ नका!" थोरला असा ओरडला की बाई दचकल्याच. "प्रभूची वेळ पहिल्याच सकाळी झाली होती! मैद्याच्या कोठीत, मला एकट्याला सांगून झाली होती! माझी होत नव्हती. मला नको होता तो, कळतंय का? मला माझ्या भावाचा द्वेष वाटत होता, आणि तो लपवायला मला तुम्ही सगळे लागलात!"

त्याने डोळे पुसले, पुढे होऊन खुर्ची उचलली आणि दाराकडे चालू लागला.

"अहो, खुर्ची कुठे नेताय?" औषधवाला उठला.

"खुर्चीला पाचारण झालंय! तिकडे एक म्हातारा आहे, त्याला जिना उतरता येत नाही. हिच्यात बसवून उतरवायचाय. मागून धरायला एक माणूस लागेल. कोणाला काही मिळण्याची वाट बघू नका, येणार असाल तर या."

कोणी जागचं हललं नाही. तो अंगणात पोचला तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. विमावाले काका होते. त्यांनी खुर्चीचे मागचे पाय धरले.

कर्नलला उतरवताना त्याने दोघांनाही पोटभर शिव्या दिल्या. काकांचं बोट कठड्यात चेमटलं. थोरल्याच्या बायकोने दार उघडलं, कर्नलला पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पाणी तापवायला आत गेली. धाकट्यासाठी शिवलेल्या नव्या गादीवर एक परका माणूस झोपला. गादी टणक आहे म्हणून त्याने तक्रारही केली.

आत्याला कळलं तेव्हा ती बराच वेळ रडली. शाबास म्हणाली नाही. "याला आणलंस ते चांगलं केलंस," एवढंच म्हणाली. "पण तुला सांगितलं होतं ते हे नव्हतं."

ते थोरल्याला ठाऊक आहे. वाचकहो, आपल्यालाही ठाऊक असू दे. देवाची अवघड आज्ञा आपण सहसा मोडत नाही, तेवढी हिंमत आपल्यात नसते. आपण ती चर्चेला घेतो, तिच्यावर प्रार्थना करतो, खुणा मागतो, आणि तोवर ज्याच्यासाठी ती आली तो माणूस मरून जातो. एकदा स्पष्ट ऐकलेलं पुन्हा पुन्हा विचारणं, हाच आपला नकार. देवाला तो कळतो. खाटेवर पडलेल्या माणसालाही कळतो.

सभेतून खुर्चीसाठी दोनदा निरोप आला. थोरल्याने ती दिली नाही. कर्नल तिच्यात बसून भट्टीकडे तोंड करतो आणि पाव करपला की मोठ्याने सांगतो. विमावाल्या काकांना पुन्हा कधी दार दिसलं नाही, निदान त्यांनी तसं सांगितलं नाही. थोरला अजूनही सकाळी कोठीत गोणीवर बसतो, पण थोडाच वेळ. फोन वाजला की प्रार्थना अर्धी टाकून तो स्वतः धावत येतो, दर वेळी.