डेगेच्या नळीवरची माती

मी एक जुनी लोखंडी डेग आहे. लग्नाच्या पंगतीत वरण शिजवते तसली समजू नका हं, मित्रांनो. मी कागदाचा लगदा शिजवलेला आहे. चार माणसं आत उभी राहतील एवढं माझं पोट, आणि आठ पेचांनी आवळायचं झाकण. माझ्या बुडाखाली कधीच जाळ नव्हता. शेजारी एक बंब असायचा. त्यात पाणी उकळायचं आणि तिथली वाफ जाड नळीतून माझ्या पोटात यायची. चुलीवाचून शिजवणारी अशी अख्ख्या बाळापुरात मी एकटीच. आज अंगावर गंज चढलाय म्हणून काय झालं, खानदान विसरायचं नसतं.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. तिथे तापलेल्या खिळ्यांनी माझे पत्रे एकमेकांना ठोकले, मला जहाजात घातलं आणि मुंबईला उतरवलं. रेल्वे तेव्हा जिथवर आली होती तिथवर रेल्वेने आले. पुढे बैलगाडीवर. दोन आख तुटले, एक गाडीवान रडला.

मला आणलं खुशालरावांनी. त्यांची काळी जमीन अकोल्यापासून बाळापूरच्या वाटेवर पसरलेली. अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाचं नशीब उघडलं. अमरावतीच्या बाजारात कापूस नेणारा माणूस येताना बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घालून यायचा. खुशालरावांच्या बैलांनाही होती. पैसा आला की माणसाला काहीतरी नवीन आणावंसं वाटतं. कोणी घोडा आणला, कोणी दुसरी बायको आणली. खुशालरावांनी मला आणलं, म्हणून तो माणूस मी जरा बरा समजते.

बाळापुरात कागदी लोकांची, म्हणजे हाताने कागद करणाऱ्यांची, जुनी वस्ती. मन नदीच्या काठी त्यांचे हौद. त्यांच्यातले म्हातारे इमामभाई माझे कर्ते झाले. अंबाडीचा वाक म्हणजे तिच्या सालीचे दोरे, जुनी सुतळी, फाटकी गोणपाटं हे सगळं ते चुन्याच्या पाण्यात आठ-दहा दिवस मुरवायचे आणि मग कुटायचे. मी तेच काम एका दिवसात करू लागले. मग इमामभाई तो लगदा नदीवर धुवायचे, हौदात कालवायचे आणि साचा बुडवून एकेक पान उचलायचे. पान उचलताना त्यांचे दोन्ही हात असे हलायचे, की जणू तान्ह्या लेकराला झोपेतून न उठवता पाळण्यातून काढताहेत.

त्यांचा एकच गर्व होता. चुना. किती वाक, किती पाणी, त्याला किती चुना, हे त्यांच्या बोटांना कळायचं. पाण्यात बोटं बुडवायची, अंगठ्यावर घासायची, आणि म्हणायचं, "बस." ते बस म्हटलं की बस. त्यांच्या बापाचं आणि आजाचं नाव त्या एका शब्दात होतं.

आणि दुसरी पार्बताबाई. तिच्यासाठी तर मी ही गोष्ट सांगायला बसले.

पार्बताबाई माळ्याची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाजाराच्या दिवशी भाजी विकायची, बाकीचे दिवस माझ्यापाशी. वाक माझ्या पोटात भरायचा, झाकण आवळून घ्यायचं, बंबाचा जाळ सांभाळायचा, सगळं तिच्याकडे. तोंड असं की गल्लीतली कुत्री वाट सोडायची. पहिल्या दिवशी तिने मला भोवताली फिरून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं पोट आन् खाली चूल नाई. ही कोनाच्या घरची रीत व माय?" पण दुसऱ्या दिवशी नवं भांडं घरात आल्यावर करतात तसं तिने मला हळदकुंकू लावलं आणि माझं नाव मोठीबाई ठेवलं. मला ते आवडलं. अजून आवडतं.

तिची आणि इमामभाईंची रोज जुंपायची.

"पार्बताबाई, जाळ कमी कर."

"करतो ना. तुमी चुना पाहा, मी चूल पाहातो."

"ही चूल नाई, बंब हाये."

"जळते ना? मंग चूलच ते."

म्हातारा हसायचा. दोघांनी एकमेकांना कधी गोड शब्द दिला नाही, पण एक जण आला नाही तर दुसऱ्याचं कामात चित्त लागायचं नाही.

आता मुद्द्याचं ऐका. माझ्या झाकणावर एक बारीक नळी होती, बोटभर उंचीची. त्यातून वाफ सूं सूं करत बाहेर पडायची. तो माझा श्वास होता. मुंबईहून आलेल्या मिस्त्रीने जाताना सांगितलं होतं, ही नळी कधी बंद होऊ देऊ नका. सांगितलं कोणाला? खुशालरावांना. खुशालराव विसरले. इमामभाईंना वाटलं, वाफेचं सगळं मालक बघतील. दिवसभर माझ्यापाशी उभी राहणाऱ्या बाईला हे सांगावं असं कोणालाच सुचलं नाही. बाईला काय सांगायचं, नाही का?

त्या वर्षी अंबाडी मिळेना. आपल्याकडे अंबाडी शेताच्या धुऱ्याने, म्हणजे बांधाच्या कडेने लावतात. कोवळी असताना भाजी, जून झाली की वाक. पण कापसाच्या हावेने लोकांनी धुऱ्यापर्यंत कापूस नेला. अंबाडीच्या ओळी उपटून टाकल्या. पार्बताबाईच्या वाडीतला एक पट्टा तेवढा राहिला. बाकी मिळालं ते लाकडासारखं जून, आणि मोटेचे जुने नाडे. ते शिजता शिजेना. दिवस मावळला तरी दोर दोरच. इमामभाई हौदावर हात चोळत बसायचे. खुशालराव येऊन म्हणायचे, "चाचा, एवढं जनावर आनून ठेवलं तुमच्यासाठी, आन् कागद कुठी हाये?"

पार्बताबाईला ते बघवेना. आणि ती वाफ तर मुळीच बघवेना. घरी कडधान्य शिजत नसलं तर वऱ्हाडातली बाई काय करते? झाकणाच्या कडेला ओली कणीक लावते. वाफ कोंडली की दाणा मऊ होतो आणि जळणही वाचतं. तिच्या आईने तसं केलं, आजीने तसं केलं. आणि इथे ही मोठीबाई दिवसभर नाकातून वाफ उधळते! उधळी सून कोणत्या सासूला खपेल?

एका सकाळी ती नदीवरून चिकणमाती घेऊन आली. त्यात वाकाचे तंतू मळले, म्हणजे तडकू नये. इमामभाई चुना कालवत होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती. तिने माझ्या नळीवर तो गोळा दाबून बसवला, बोटाने कडा सारख्या केल्या आणि मला थोपटून म्हणाली, "आता शिजवजो नीट. म्हाताऱ्याचं तोंड सुकलं पाहाय."

मित्रांनो, मला तोंड होतं, पण त्यावर आठ पेच होते.

दुपारपर्यंत माझ्या पोटात काय चाललं होतं ते मी सांगत नाही. सूं सूं थांबलेलं इमामभाईंच्या कानांनी ओळखलं. ते पायरीवर चढले आणि आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावेत तसे त्यांनी दोन्ही हात माझ्या झाकणावर ठेवले. त्याच वेळी पेच तुटले.

ते वाचले. हात वाचले नाहीत. उकळता चुन्याचा लगदा कोपरापर्यंत बसला. महिन्याने पट्ट्या सुटल्या तेव्हा बोटं एकमेकांना चिकटलेली होती, बदकाच्या पायासारखी.

लोक जमले, आरडाओरडा झाला, म्हाताऱ्याला खाटेवर घालून नेलं. सगळे गेल्यावर पार्बताबाई एकटी राहिली. मातीचा गोळा उडून चिंचेखाली पडला होता, भाजून विटेसारखा कडक झालेला. आत नळीचा ठसा जसाच्या तसा. तिने तो उचलला. बराच वेळ हातात धरला. मग पदराखाली घेतला, नदीवर गेली आणि रिकामी परत आली.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी चार लोकांसमोर निकाल दिला. "चाच्यानं चुना जास्त घातला. कळीचा चुना, उकळी चढली, डेग फुटली. वय झालं मानसाचं." लोकांना पटलं. चुना उकळतो हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. पार्बताबाई तिथेच उभी होती. ज्या बाईच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं ती बाई बोलली नाही.

इमामभाई बरे झाल्यावर रोज दुपारी येऊन माझ्या सावलीत बसू लागले. हात गेल्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. ते मोजायचे. चिकटलेला पंजा गुडघ्यावर आपटत मोजायचे. "वाक एवढा. पानी एवढं. चुना पाच टोपल्या. का सहा घातल्या मी?" पुन्हा पहिल्यापासून. एके दिवशी मला विचारलं, "मोठीबाई, तूच सांग. चुकलो का मी?"

पार्बताबाई दर बाजारी त्यांच्या दारात भाजीची जुडी ठेवून यायची. म्हातारा लोकांना सांगायचा, "बाई तोंडाची तिखट, पन दिलाची मोठी हाये." ते ऐकून ती चुलीसारखी आतल्या आत जळायची.

शेवटी एका दुपारी ती माझ्यापाशी आली. म्हातारा मोजतच होता.

"इमामभाई, मोजू नका."

"काहून?"

"चुन्यानं नाई झालं ते. नळीवर माती म्या बसवली. वाफ कोंडून तुमचा वाक मऊ होईन म्हनून बसवली."

म्हाताऱ्याने मोजणं थांबवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"म्हनजे चुना बराबर होता?" त्यांनी विचारलं.

"बराबर होता."

"पाचच टोपल्या?"

"म्या पाह्यल्या. पाचच."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. दोन्ही पंजे मांडीवर ठेवले आणि कितीतरी दिवसांनी त्यांची मान सरळ झाली. मग हळू आवाजात म्हणाले, "मले सांगतलं, भलं केलं. पन गाव म्हनते, कागद्याच्या पोराले चुना समजत नाई. माह्या बापाचं नाव त्यात जाते. बजारात सांगशीन?"

"सांगीन."

"कवा?"

"येत्या बजारी."

येत्या बाजारी ती गेली. टोपली मांडली. बायका आल्या, भाजी चिवडली, तिने त्यांना चार शब्द सुनावले, नेहमीसारखे. तो एक शब्द मात्र तिच्या तोंडून निघाला नाही. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "ज्या बायकायले मी जलमभर शिकवलं, त्याइच्यासमोर कसं म्हनू व, का मले अक्कल नव्हती?" पुढच्या बाजारीही तेच. त्याच्या पुढच्याही. इमामभाई तिला काही विचारत नव्हते. फक्त बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वैशाखात इमामभाई गेले.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. पार्बताबाईने टोपली मांडली नाही. चौकात उभी राहिली आणि मोठ्याने सगळं सांगितलं. माती, तंतू, नळी, सगळं. तिचा आवाज इथवर मला ऐकू आला, बाकीचं तिनेच मागाहून सांगितलं. पण त्याच दिवसांत अमेरिकेतली लढाई संपल्याची खबर आली होती. कापसाचे भाव धाडकन खाली आले होते. लोक आपापल्या कापसाच्या गंज्यांकडे बघून सुन्न झालेले. कोणी म्हणालं, "माय, ऊन लागलं तुले, घरी जाय." कोणी म्हणालं, "कुठी हाये तो गोळा? दाखव." गोळा तर नदीत होता. खुशालराव तेवढे दोन क्षण थांबले. त्यांना मिस्त्रीचं बोलणं आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "मानूस गेला, पार्बतामाय. आता उकरून काय भेटते?" आणि निघून गेले. त्यांचीही एक गोष्ट त्यांना झाकायची होती ना.

ती चौकात एकटीच उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःकडे कमीपणा घेतला आणि तो खरा मानायला कोणी नव्हतं.

त्यानंतर मी पुन्हा शिजवलं नाही. बंब विकला गेला. झाकण कोणीतरी विहिरीवर नेलं. गुरं माझ्या पोटातलं पावसाचं पाणी प्यायली, मग तळ गंजला आणि तेही राहिलं नाही. पार्बताबाई जगली तोवर येत राहिली. कागद करणारा कोणी आला का म्हणून रस्त्याकडे बघायची. कोणी आलं नाही.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, हे तुम्हाला कोणीही सांगेल. घ्याच. ज्याचे हात यंत्रावर आहेत त्याला त्याचं सगळं समजावून सांगा, मग ती बाई का असेना, अडाणी का असेना. पण माझं मागणं याहून मोठं आहे. आपल्या चुकीपायी दुसऱ्याचं नाव बुडालं, तर त्याच्या कानात सांगून भागत नाही. ज्या बाजारात ते बुडालं, त्याच बाजारात, तो माणूस ऐकत असताना ते वर काढावं लागतं. मान खाली जाते म्हणता? जाऊ द्या. पार्बताबाईची मान त्या पहिल्या बाजारीच खाली गेली असती तर चार दिवसांनी वर आली असती. तिने ती जपली, आणि मग मरेपर्यंत तिला ती उचलता आली नाही.

या भागात अजूनही कोणाच्या विड्याच्या पानाला चुना जास्त लागला आणि तोंड भाजलं की लोक हसून म्हणतात, "इमामभाईचा हात लागला वाटते." म्हणणाऱ्याला इमामभाई कोण ते ठाऊकही नसतं. मी इथे पडल्या पडल्या ऐकते. मला कोणी विचारत नाही. तुमच्यासमोर कोणी तसं म्हणालं तर हसू नका. एवढंच सांगा, की त्या म्हाताऱ्याचा चुना बरोबर होता.