जरीची खोळ

अंजनाच्या उजव्या हातावर कोड होतं. सोळाव्या वर्षी बोटांच्या टोकांना सुरू झालं आणि नर्सिंगचा कोर्स संपेपर्यंत मनगटाच्या वर चढलं. कराडला तिला बघायला येणारी माणसं तिच्या हातून चहाचा कप घ्यायची, हाताकडे बघायची आणि चहा तसाच ठेवून उठायची. अशी दोन-तीन स्थळं गेल्यावर, आता मला कुणापुढे बसवू नका, असं तिने घरी सांगून टाकलं आणि कतारच्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी धरून ती दोह्याला आली. इथे त्या हाताचं कुणाला काही नव्हतं. सुई दुखली नाही, की पेशंट खूश.

प्रताप तिला इथेच भेटला. दोह्यातल्या मुशैरिब भागात राजाभाऊ आणि विभावरीवहिनी या जोडप्याच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी चार मराठी माणसं जमत, त्यांत तो असायचा. मूळचा नाशिकचा, तेल कंपनीत इंजिनिअर, बोलायला गोड. एका शुक्रवारी गॅलरीत त्याने सरळ तिचा उजवा हात हातात घेतला आणि लग्नाचं विचारलं. आईला हाताचं सांगितलंस का, असं तिने लगेच विचारलं. सांगितलंय, आईची काही हरकत नाही, असं तो म्हणाला. अंजनाने विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत तो हात आपणहोऊन कुणी धरला नव्हता.

लग्न राजाभाऊंच्याच हॉलमध्ये करायचं ठरलं. अंजनाचे आईवडील गेलेले, भावाला व्हिसा मिळाला नाही, म्हणून कन्यादान राजाभाऊ आणि वहिनी करणार होते. एम्बसीतली नोंदणी नंतर व्हायची होती. मंत्र सांगायला बँकेतले एक रत्नागिरीकर गृहस्थ होते. त्यात प्रतापने एक नवी गोष्ट काढली. त्याच्या कंपनीत केन नावाचा स्कॉटिश माणूस होता. त्याच्या लग्नात नवरानवरीचे हात एका अरुंद फितीने एकत्र बांधले होते, सगळ्यांच्या देखत. प्रताप म्हणाला, आपल्याकडे कंकण बांधतातच, आपण पाणिग्रहणाच्या वेळी तसे हातही बांधून घेऊ. अंजनाला ते फार आवडलं. ज्या हाताकडे बघून लोक उठून गेले, तोच हात भर मांडवात बांधला जाणार होता. ड्यूटीवर असताना नुसत्या आठवणीनेही तिला हसू यायचं.

लग्नाच्या आठवडाभर आधी प्रतापच्या आई, सत्यभामाबाई, व्हिजिट व्हिसावर आल्या. त्या अंजनाशी नीट बोलत, पण तिने दिलेलं पाणी टेबलावर ठेवायला सांगत. विमानाच्या प्रवासाने बाई थकल्या असतील, अशी तिने मनाची समजूत घातली.

लग्नाच्या आदल्या दुपारी ती आणि वहिनी हार करत बसल्या होत्या. सत्यभामाबाईंनी पिशवीतून एक लाल वस्तू काढली आणि अंजनापुढे ठेवली. जुन्या पैठणीचा काठ कापून शिवलेली, आतून अस्तर लावलेली, दोन हात मनगटाच्या वरपर्यंत आत जातील एवढी खोळ होती ती. कडेला हूकसुद्धा लावले होते.

"हे काय?" अंजनाने विचारलं.

"तुमचं ते हात बांधायचं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "अंतरपाट दूर झाला की दोघांनी हात यात घालायचे आणि फोटो होईपर्यंत काढायचे नाहीत. जेवणावळीत तू बसूच नकोस, तुझं ताट आत देऊ. फोटो नाशिकला सगळ्यांकडे जाणार आहेत गं. माझ्या धाकटीचं अजून व्हायचंय."

अंजनाने ती खोळ उचलली. आपला हात आत घालून बघितला. बरोबर तिच्या कोडाच्या वर चार बोटं येऊन ती संपत होती.

"तुम्हांला माप कुणी दिलं?"

"प्रतापने. त्याचीच तर कल्पना. मी इथे आल्यावर मला कळलं हाताचं, दोन दिवस मी जेवले नाही. मग त्यानेच यातून वाट काढली."

वहिनींनी मान खाली घातली आणि त्या फुलं ओवत राहिल्या. अंजनाने त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

प्रताप संध्याकाळी मिठाईचे खोके घेऊन आला, तेव्हा अंजना त्याला गॅलरीत घेऊन गेली. तिचा आवाज चढला नाही. आईला खरं कधी सांगितलंस, एवढंच तिने विचारलं. तो म्हणाला, की आईला आधी सांगायचं धाडस झालं नाही. हात बांधायची कल्पना मात्र खरोखर आवडली होती. मग आईने रडारड केली तेव्हा वाटलं, फितीऐवजी थोडं मोठं कापड घेतलं तर सगळ्यांचंच भागेल. एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

"मला स्वतःला तुझ्या हाताचं काहीच वाटत नाही, अंजना. तुला माहीत आहे."

"तुला एकट्याला गॅलरीत काही वाटत नाही," ती म्हणाली. "उद्या हात उघडा राहील. धरायचा असेल तर धर."

त्याने मान हलवली. हो म्हणाला, असं तिला वाटलं.

सकाळी ती हिरवी साडी नेसून, कोपरापर्यंत चुडा भरून पाटावर उभी राहिली. हॉल माणसांनी भरला होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट सरला. राजाभाऊ आणि वहिनींनी कन्यादान केलं. मग बँकवाल्या गुरुजींनी सांगितलं, वराने वधूचा हात धरावा. अंजनाने हात पुढे केला.

प्रतापने आधी आईकडे बघितलं.

सत्यभामाबाई ती लाल खोळ घेऊन अगदी जवळ उभ्या होत्या. त्यांनी ती मुलाच्या हातात दिली आणि त्याने घेतली. खोळीचं तोंड उघडून, डोळे खाली ठेवून, त्याने ती अंजनाच्या बोटांवर चढवायला सुरुवात केली. लहान पोराला मोजा घालावा तसं.

अंजनाने हात मागे ओढला. खोळीचा एक हूक तिच्या बांगडीत अडकला होता, तो तिने हिसकला तेव्हा काच फुटून मनगटावर रक्त आलं. गळ्यातला हार काढून तिने पाटावर ठेवला.

"गुरुजी, पुढचं म्हणू नका," ती म्हणाली. "हे लग्न मी करत नाही."

राजाभाऊ मध्ये पडले. सप्तपदी झालेली नाही, पण कन्यादान झालंय पोरी, असं काहीतरी ते म्हणाले. दान झालेला हातच ज्याला बघवत नाही त्याच्याबरोबर मी सात पावलं कशाला चालू, असं तिने त्यांना विचारलं. सत्यभामाबाई रडायला लागल्या, मुलाची अब्रू गेली म्हणून. प्रताप खोळ हातात धरून तसाच उभा होता. तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, याची चुटपुट तिला पुढे कितीतरी दिवस लागून राहिली.

ती जिना उतरून टॅक्सीत बसली, त्याच हिरव्या साडीत, हातातून रक्त येत. ड्रायव्हर पठाण होता. त्याने आरशातून एकदा बघितलं, गाडी सुरू केली आणि तिला नर्सांच्या हॉस्टेलवर आणून सोडलं.

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. मुंडावळ्या काढून अंजना कॉटवर बसली होती. माणसं जेवून गेली, असं वहिनींनी सांगितलं. प्रताप खाली गेटपाशी उभा आहे, माफी मागायची म्हणतोय, असंही सांगितलं.

"उभा राहू दे," अंजना म्हणाली. "वहिनी, काल दुपारी तुम्ही का बोलला नाहीत?"

वहिनींनी डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं. "मला वाटलं, एकदा लग्न होऊन जाऊ दे. मग पुढचं पुढे."

"म्हणजे तुम्हांलाही वाटलं, की या हाताला एवढं मिळतंय तेच खूप."

वहिनी रडू लागल्या. अंजनाने त्यांची समजूत घातली नाही. आजवर या हातापायी दुसऱ्यांचीच समजूत घालत आले, आता नाही, असं तिच्या मनात आलं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि भूक कडकडून लागली होती. तिने डबा पुढे ओढला, उजव्या हाताने पुरीचा घास मोडला आणि वहिनींच्या समोर बसून सगळा डबा संपवला.