न उघडलेली विमानं

आमच्या ह्यांना विमानांचा नाद. खरी नव्हेत हो, लढाऊ विमानांच्या धातूच्या प्रतिकृती, तळहातावर मावतील अशा. प्रभाकररावांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, पण मिग आणि मिराजच्या शेपटातला फरक झोपेतून उठवलं तरी सांगतील.

काचेच्या कपाटात चौदा विमानं उघडी होती. पलंगाखाली सत्तावीस खोकी, एकही न उघडलेलं. खोकं उघडलं की विमानाचं कोरेपण गेलं, असा हा नाद असलेल्या लोकांचा नियम. "निवृत्तीनंतर एकेक काढू, निवांत बघू," हे म्हणायचे. निवृत्ती झाली. मग खाडीकाठच्या आमच्या कोलशेतच्या घरात मोठं कपाट करायचं ठरलं, त्यासाठी उघडणं अडलं. एका जुलैत खाडीची हवा लागू नये म्हणून ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरातलं पोळ्या गुंडाळायचं पातळ प्लास्टिक घेऊन प्रत्येक खोकं तीनतीनदा गुंडाळलं. मी ओरडले, तर म्हणतात, "पोळ्या काय गं, फडक्यात पण राहतात."

मग काचबिंदू निघाला, तोही फार उशिरा. आता ह्यांना कुलपाच्या भोकातून बघावं तेवढंच मधलं दिसतं. तेही दिवाळीपर्यंत टिकलं तर टिकलं, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन हे म्हणाले, "सुमेधा, उघडूया सगळी. बघून घेतो."

मला रडू आलं आणि आनंदही झाला. दुपारी बाल्कनीत सतरंजी घातली, शिरा केला. पहिलं खोकं नॅट विमानाचं. प्लास्टिक कापलं तसा आंबूस वास आला. पंखांवर रंगाचे फोड आले होते. ह्यांनी विमान डोळ्यांजवळ नेलं आणि एक पंख गळून मांडीवर पडला. जोर लावला नव्हता हो. शिळ्या बिस्किटासारखा भुगा झाला त्याचा.

"एखादं निघतं असं," हे म्हणाले. "पुढचं दे."

पुढच्याचं नाक तडकलेलं. तिसऱ्याची शेपटी खोक्यातच राहिली. नवव्यानंतर ह्यांनी हातात घेणं सोडलं. मी कापायचे, समोर ठेवायचे, हे वाकून बघायचे. सत्तावीसच्या सत्तावीस! शिरा तसाच गार झाला.

"काहींच्या धातूतच खोट असते," हे ऑफिसात बोलावं तसं बोलले. "कोरडी राहिली तर तग धरतात. मी पावसाळ्यातला ओलावा आत कोंडला. वर्षानुवर्षं कोंडून ठेवला."

"अहो, कपाटातली चौदा चांगली आहेत की."

"ती बघितलीत गं मी."

मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी दया आली, की मी उगाच प्लास्टिकच्या घड्या घालत बसले. ह्यांनी मांडीवरचा भुगा झटकला नाही.

"डोळे आधी जायला हवे होते," हे म्हणाले. "तू उघडून सांगितलं असतंस, छान आहेत म्हणून."

सांगितलं असतं. रोज एकेक हातात धरून, रंगासकट सांगितलं असतं. आणि देवाशपथ, तेव्हा मलाही वाटलं, गेले असते डोळे तर बरं झालं असतं.