देरातली दुमजली खाट

"दौलतभाऊ, कूस जरा हळू बदला की! गंज पडतोय माझ्या चहात."

"झोपून चहा पितोस, त्याला मी काय करू, सुदेश?"

मित्रांनो, हा गंज माझा. मी दुबईच्या देरा भागातल्या भाड्याच्या खोलीतली एक जुनी दुमजली खाट आहे. शारजाच्या एका वर्कशॉपात लोखंडी पाइप जोडून मला घडवलं, निळा रंग दिला. नवी होते तेव्हा माझ्यावर झोपणारे मला 'आपला बंगला' म्हणायचे. आता रंगाचं कुणी नावही काढत नाही.

खालच्या मजल्यावर सुदेश झोपतो, वरच्या मजल्यावर चिपळूणकडचा दौलत. टाइल्स बसवणारा. त्याची कंपनी बुडाली, व्हिसा संपला, तरी तो राहिला. घरी यातलं काही बोलला नाही. मिळेल तिथे काम करायचा, सुटीला खाडीवर फिरायचा.

मग बिनव्हिसावाल्यांची तपासणी कडक झाली. लोक म्हणाले, आता असे सगळे निघून जातील. काही गेले खरे. दौलत गेला नाही. तो नुसता माझ्यावरून उतरेनासा झाला. खाडी सुटली, मेट्रो सुटली, खोकलासुद्धा उशीत दाबू लागला. मित्रांनो, माझा नट सैल झाला तर पान्याने जरूर पिळा. पण पिळतच राहिलात तर आटे जातात. मग खाट धड उभी राहत नाही, की सुटी होत नाही. माझ्यासारख्या लोखंडालाही हे कळतं!

आता सरकारने अशांना माफी जाहीर केलीय, दंड न भरता घरी जायची. दौलतच्या लेकीचं, समिधाचं, लग्नही ठरलंय. "यल्ला, चला दौलतभाऊ, अर्ज करा," सुदेश रोज म्हणतो. "इन्शाल्ला," म्हणून दौलत भिंतीकडे वळतो. गल्फवाल्याने गावात उतरावं ते अत्तरं, खजूर, ब्लँकेटं गाडीभर घेऊन. रिकाम्या हाताने उतरायची त्याला भीती.

काल त्याच्या बायकोचा, गिरिजाचा फोन आला.

"साहेबांनी सुटी दिली?"

"बघतो म्हणाले. काम फार आहे गं. कन्यादान भाऊ करेल, तू..."

 

"अहो," गिरिजा म्हणाली, "तुम्हाला साहेब नाही नि व्हिसाही नाही, हे आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे. समिधालासुद्धा. रिकामे या, पण या."