कानापुढचा सांधा

अनुश्री जेवायला फार वेळ लावते, हे चौबे कॉलनीतल्या त्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिला त्यावरून सर्वांत जास्त बोलायची ती तिची आई, विनोदिनी. सकाळी शाळेचा ऑटो दाराशी येऊन थांबायचा आणि सात वर्षांची पोरगी अजून पोळीचा एवढासा तुकडा बोटानं दातांच्या फटीतून आत ढकलत बसलेली असायची. मग विनोदिनीचा धीर सुटे. "तोंड उघड नं नीट," असं म्हणत ती दातांमध्ये चमचा घालून वर उचलायची. एकदा तसं करताना पोरीचा ओठ फाटला आणि युनिफॉर्मवर रक्त सांडलं. त्या दिवशी विनोदिनीनं तिला पोटाशी धरलं, पण संध्याकाळी वरणभात भरवताना पुन्हा तेच. पोट्टी हट्टी आहे, लाडानं बिघडली आहे, अशी तिची पक्की समजूत होती. पोरीची हनुवटी लहान राहिली होती आणि जराशी उजवीकडे वळली होती. नीट खात नाही म्हणून वाढ नाही, असं म्हणून विनोदिनीनं तेही सोडून दिलं होतं.

दाढ दुखायला लागली म्हणून आईवडील तिला शंकर नगरातल्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासायचा छोटा आरसा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. तो आत जाईना. त्यांनी एक्स-रे काढला, तो बराच वेळ उजेडात धरून पाहिला आणि जबड्याच्या सर्जन डॉ. प्रमोदिनी मेश्राम यांच्या नावे चिठ्ठी दिली.

मेश्राम मॅडम नागपूरच्या. मराठी माणसं समोर आली की लगेच मराठीत बोलत. त्यांनी आधी अनुश्रीला नव्हे, विनोदिनीला स्टुलावर बसवलं. दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवायला आणि तोंड उघडायला सांगितलं. विनोदिनीच्या बोटांखाली एक गोल टोक पुढे सरकलं, त्याच्या जागी खळगा पडला, आणि तोंड मिटताच ते टोक परत जागेवर येऊन बसलं.

खालचा जबडा कवटीला याच दोन ठिकाणी जोडलेला असतो, मॅडम सांगत होत्या. हाडाचं टोक, त्याच्यासाठी कवटीत खोबण, आणि दोन्हींच्या मधे कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, पातळ गादी. तोंड उघडताना टोक आधी फिरतं, मग घसरून पुढे येतं. दोन्ही बाजूंना एकाच वेळी.

"आता हिच्या कानापुढं ठेवा."

अनुश्रीनं सगळा जोर लावून तोंड उघडायचा प्रयत्न केला. डाव्या बाजूला किंचित काहीतरी हललं. उजव्या बाजूला काहीच नाही. भिंतीवर बोट ठेवल्यासारखं वाटलं.

"इथं सांधाच नाही उरला. हाडाले हाड जुळलं आहे," मॅडम म्हणाल्या. "ही तोंड उघडत नाही असं नाही, ताई. तिले उघडताच येत नाही."

विनोदिनीनं बोटं काढून घेतली आणि पदराखाली लपवली.

लहानपणी हनुवटीवर कधी पडली होती का, असं मॅडमनी विचारलं. तसं काही झालं नव्हतं. मग त्यांनी कानाबद्दल विचारलं, आणि विनोदिनीला सगळं आठवलं. शहर नव्या राज्याची राजधानी झालं त्या वर्षी अनुश्री दोन वर्षांची होती. भोपाळहून फायलींचे गठ्ठे येत होते, जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसत होतं, आणि तिथल्या एका खात्यात लागलेला नवरा पराग दिवसच्या दिवस घरी दिसत नसे. तेव्हा पोरीचा उजवा कान वाहायला लागला. अंगात ताप होता. शेजारपाजारच्या बायका सांगत होत्या म्हणून विनोदिनी लसूण तळलेलं तेल कोमट करून कानात घालत राहिली. पुढे कान आपोआप सुकला आणि ती निश्चिंत झाली.

मॅडमनी ऐकून घेतलं. कानाची नळी आणि हा सांधा अगदी शेजारी असतात, लहान मुलाच्या कानातला पू कधी कधी तिकडे उतरतो, असं त्यांनी सांगितलं.

"म्हणजे त्याच्यानंच झालं?"

"असू शकते. खात्रीनं कोणीच सांगू शकत नाही."

विनोदिनीला 'हो' तरी हवं होतं किंवा 'नाही' तरी.

ऑटोतून परतताना तिनं मांडीवरच्या लेकीला विचारलं, इतके दिवस बोलली काहून नाही. अनुश्रीला मराठी समजे, पण उत्तर हिंदीतच यायचं. ती म्हणाली, "मुझे लगा सबका इतना ही खुलता है. बाकी लोग बस जल्दी-जल्दी खाते हैं."

पराग पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

ऑपरेशन ठरलं. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, तिला धक्का लागला तर डोळा मिटायला त्रास होऊ शकतो, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. तोंड उघडत नसल्यानं भूल देतानाची नळी नाकातून घालावी लागली. जुळलेलं हाड कापून मधे जागा केली आणि ते पुन्हा जुळू नये म्हणून कानशिलाच्या स्नायूचा एक पदर त्या जागेत बसवला. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, तोंड छान उघडलं. काही आठवडे पोरीची उजवी भुवई वर होईना, मग तीही हळूहळू व्हायला लागली.

खरं काम त्यानंतरचं होतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत करून ती दाढांमध्ये ठेवायची आणि मधे एकेक काडी सरकवत तोंड आणखी उघडायचं. दुखणार, पोरगी रडणार, तरी चुकवायचं नाही. नाहीतर हाड पुन्हा वाढतं.

पहिले काही दिवस विनोदिनीनं केलं. पण काडी पुढे सरकवली की अनुश्री डोळे गच्च मिटून घेई, आणि विनोदिनीला तो फाटलेला ओठ दिसे. तिचा हात थांबायचा. ती एक काडी कमी ठेवू लागली, मग आणखी एक. परागनं विचारलं की झालं म्हणून सांगायची. मुलीला शेवयाची खीर द्यायची, केळं कुस्करून द्यायची, ती मागेल ते द्यायची.

पुढच्या तपासणीला मॅडमनी तोंड किती उघडतं ते मोजलं आणि परागला मुलीला घेऊन बाहेर बसायला सांगितलं.

"व्यायाम होऊन राहिला का, ताई?"

विनोदिनी म्हणाली, "माझ्यानं होत नाही. मी आधीच तिले खूप त्रास दिला."

"आधी तुमाले माहीत नव्हतं. आता आहे." मॅडमचा आवाज चढला नाही. "आता नाही केलं तर ते हाड पुन्हा जुळते आणि मले पुन्हा कापा लागते. तुमच्या मनाले जे टोचते, ते तिच्यावर काढू नका."

ती घरी आली ती तेच वाक्य मनात घेऊन. आधी रागातून दुखवलं, आता दयेतून. दोन्ही वेळा भोगलं ते पोरीनं. दुपारी तिनं अनुश्रीला समोर बसवलं. बोलताना तिला लेकीकडं बघता येत नव्हतं, तरी बघत राहिली. चमच्याचं सांगितलं, ओठाचं सांगितलं, कानातल्या तेलाचंही सांगितलं.

"तू हट्टी नव्हती. माझी चूक होती, बेटा. आणि आता मी काड्या कमी ठेवून राहिली, तेही चुकीचंच."

अनुश्री ऐकत होती. मग तिनं विचारलं, "फिर भी लगानी पड़ेगी?"

"हव."

"तो मैं खुद लगाऊँगी. आप हाथ मत लगाना."

त्या दिवसापासून अनुश्री स्वतःच काड्या सरकवू लागली. डोळ्यांतून पाणी यायचं, पण काडी आत जायची. विनोदिनी शेजारी बसून असायची. मदतीला हात पुढे करावा असं वाटे, आणि तो करायचा नाही हे तिला रोज नव्यानं जमवावं लागे. कधी पोरगी चिडून सगळ्या काड्या फेकून द्यायची. विनोदिनी त्या गोळा करायची, धुवायची आणि न बोलता पुन्हा तिच्यापुढे ठेवायची.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तोंडात दोन बोटं सहज मावू लागली. हनुवटी मात्र वळलेलीच राहिली. ती सरळ करायची तर मोठेपणी आणखी एक ऑपरेशन लागेल, असं मॅडमनी सांगितलं. हे ऐकून अनुश्रीनं फक्त एवढंच विचारलं की त्या वेळी शाळा किती दिवस बुडेल.

विनोदिनीला त्यानंतर मुलीला रागवायचं म्हटलं की शब्दच फुटत नसत. अभ्यास राहिला, वही हरवली, सगळं परागला बोलावं लागे. एकदा तो वैतागून म्हणाला की पोरगी डोक्यावर बसेल. तो म्हणतो ते खरं आहे, हे विनोदिनीला कळत होतं. तरी त्या दिवशी अनुश्रीनं फेकलेलं दप्तर तिनंच उचललं आणि खुंटीला टांगलं.