बोटभर मोठा साचा

मित्रांनो, मी विटा पाडायचा एक जुना लाकडी साचा आहे, आणि आधीच कबूल करतो, मी भारी जळकुटा आहे.

आमच्या मालकिणीच्या वडिलांनी मला घडवलं. मातीची वीट वाळताना आणि भाजताना आक्रसते, म्हणून त्यांनी मला विटेपेक्षा बोटभर मोठं ठेवलं. पुढे मालकिणीने चाळीस वर्षं माझ्यात माती थापली. तिच्या अंगठ्यांनी माझ्या कडा झिजल्या. हा माझा उजवा हात, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि मी फुगायचो.

मग आमच्याकडची माती संपली. मालकिणीच्या लेकीने खाणीमागच्या ढिगातला राखाडी गाळ आणला. दगडातून धातू काढून घेतल्यावर उरलेला तो चोथा! इतकी वर्षं तो वाळत घातलेल्या कपड्यांवर उडायचा आणि सगळे त्याच्या नावाने खडे फोडायचे. आता लेक त्याला तपासून आणते काय, चाळते काय, चुना-सिमेंट घालून मळते काय! याला भट्टीही नको म्हणे, नुसतं पाणी मारत राहायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने पाडलेल्या पहिल्या विटांचा भुगा झाला. दुसऱ्या खेपेला तडे गेले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? शाळेची एक खोली अर्धी बांधून पडली होती आणि तिच्यासाठी या विटा हव्या होत्या. मालकीण म्हणाली, ही तिसरी खेप शेवटची, नाही जमलं तर विटांचं काम बंद. या वेळी तिने स्वतः मला हातात घेतलं.

विटा टणक निघाल्या. पण वाळल्यावरही त्या माझ्याएवढ्याच राहिल्या होत्या. हा गाळ आक्रसत नाही, हे मला तेव्हाच कळलं. एरवी मी उगाच कुरकुरतो, त्या दिवशी हूं की चूं केलं नाही.

गवंडी विटा घेऊन शाळेत गेला आणि दुपारी परत आला. अर्ध्या भिंतीतल्या मातीच्या विटांच्या थरांशी या विटांचे थर जुळेनात. दुसरीकडून मागवतो म्हणाला. लेक ढिगाकडे पाठ करून बसली. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मालकिणीने मला धुतलं, पुसलं आणि ती मला कायमचं खुंटीला टांगायला निघाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाळ हरला, तर मीही संपलो. जाता जाता तिने एक राखाडी वीट सहज माझ्यात बसवून पाहिली. ती अगदी घट्ट बसली. मालकीण तशीच मागे वळली.

"गाळाचं काही चुकलं नाही गं," ती लेकीला म्हणाली. "साचा मोठा आहे. माझ्याच लक्षात आलं नाही."

"मग नवा करून घेऊ या का?"

"नको. यालाच आतून पट्ट्या ठोक. माझ्या हाताला हाच कळतो."

वरून रंधा फिरला, आतून चार पट्ट्या ठोकल्या. खिळे लागले, पण रडलो नाही.

खोली पूर्ण झाली. मुलं त्या राखाडी भिंतीवरून हात फिरवतात. पाहुणे येऊन गाळाचं कौतुक करतात, माझं नाव कोणी काढत नाही. अजूनही माझ्या पोटात दुखतं.

मित्रांनो, आता दुसऱ्या खोलीच्या विटा सुरू आहेत आणि माझी डावीकडची पट्टी सैल झाली आहे. अजून कोणाला दिसलेलं नाही. मागच्या वेळी मी गप्प बसलो होतो. तुम्ही तिकडून गेलात, तर लेकीला एवढं सांगा, तिथे एक खिळा ठोकून घे.