लॅमिनेट केलेलं कोलेस्टेरॉल

आमचे हे रेल्वेत होते, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेड्याचं वाटेल. काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं काढली. खिशात पास असला की आपल्याला डब्यातून कुणी उतरवू शकत नाही, ही आमच्या एकनाथरावांची श्रद्धा.

तर सत्त्याण्णव साली नल्लकुंट्यात एक चकाचक लॅब निघाली. काचेचं दार, आत एसी, तपासणीवर सूट. ह्यांची शुगर बारा वर्षांची. गेले, रक्त दिलं, आणि कोलेस्टेरॉल निघालं एकशे बहात्तर. झालं! स्वारी हवेत. रिपोर्टची बारीक झेरॉक्स काढली, लॅमिनेट केली आणि पासासारखी शर्टाच्या खिशात ठेवली.

लग्नात, बारशात पानावर बसले की आधी तो कागद बाहेर. "बघा, हार्ट एकदम बेस्ट. वाढा बेशक!" वाढणाऱ्यांचं काय जातं? मी समोरच्या पंगतीतून डोळे वटारायची. घरी येऊन विचारलं, "अहो, आणि शुगरचं काय?" तर म्हणे, "शुगर शुगरच्या जागी, हार्ट हार्टच्या जागी. डिपार्टमेंट वेगळं आहे, मंगला."

मग चपला घट्ट व्हायला लागल्या. "विदेशी कंपन्या आल्या, मापं छोटी केली लेकाच्यांनी," म्हणून एक नंबर मोठ्या आणल्या. जिना चढताना मधेच थांबून लोकांच्या कुंड्यांची चौकशी करायचे. ज्या माणसाला तुळस आणि सब्जा ओळखता येत नाही, त्याला झाडांचं वेड! आणि उन्हाळ्यात केबल आल्यापासून तर कहरच. रात्र रात्र खुर्चीत बसून टीव्ही. मी काय कमी भांडले? एकदा तर रिमोट पिठाच्या डब्यात लपवला. तरी हे आपले बंद टीव्हीसमोर बसलेले. हट्टीपणा, म्हटलं, दुसरं काय!

दिवाळीच्या पाडव्याला ह्यांना ओवाळलं आणि वाकून पाया पडले. उठताना बघते तर माझ्या बोटांचे खड्डे पायावर तसेच. कणकेत बोट रुतावं तसे.

"डॉक्टरकडे चला."

"कशाला? हा बघ रिपोर्ट."

सरळ बोटानं तूप निघेना. दुसऱ्या दिवशी मीच कपाळ धरून बसले. "मला गरगरतंय, घेऊन चला." मग मात्र हे धावतपळत रिक्षा घेऊन आले. विद्यानगरला डॉक्टर पद्मावतीकडे गेलो. आपल्याच मराठी मंडळातली पोर, माझ्या मांडीवर खेळलेली. आत गेल्या गेल्या मी सांगितलं, "मला काही झालेलं नाही, ह्यांना बघ."

"फसवलंस मला!" म्हणत ह्यांनी खिशातून कागद काढून तिच्यासमोर धरला.

तिनं तो नीट वाचला. "छान आहे, काका. पण कोलेस्टेरॉल चांगलं म्हणजे अख्खं हृदय चांगलं, असं नसतं. इतक्या वर्षांच्या शुगरनं हृदय आतून थकू शकतं. नळात कचरा नाही म्हणून मोटर चालूच असेल, असं थोडंच आहे?" मग तिनं पाय दाबले, छाती ऐकली आणि विचारलं, "रात्री आडवं झोपता येतं ना?"

हे भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. मीच बोलले, "झोपतात कुठे! खुर्चीत बसून टीव्ही बघतात."

"काय बघता, काका?"

ह्यांना एका कार्यक्रमाचं नाव सांगता येईना.

"आडवं झालं की दम कोंडतो," शेवटी म्हणाले, अगदी हळू. "बसलं की बरं वाटतं. हिला कशाला घाबरवायचं?"

सहा महिने! सहा महिने मी ह्या माणसाला टीव्हीवरून नाही नाही ते बोलले, आणि हा श्वासासाठी बसून होता. तिथेच पदर तोंडाला लावून रडले मी. मग ह्यांच्या दंडाला सणसणीत चिमटाही काढला. पद्मावती म्हणाली, "काकू, वेळेवर आणलंत. हळूहळू उतार पडेल."

हृदयाची एको तपासणी झाली. हृदय थकलंय खरं, पण हिंमत हरण्यासारखं नाही, असं तिनं सांगितलं. लघवीच्या गोळ्या, शुगरची नवी गोळी, पापड-लोणचं नक्को, रोज सकाळी वजन. पहिल्या आठवड्यात चार किलो पाणी उतरलं. हे वजनाच्या काट्यावर उभे राहून मलाच हाका मारायचे, "ये, बघ!"

महिनाभरानं एका दुपारी शेजारच्या सुलभावहिनी विरजण मागायला आल्या. आतल्या खोलीतून असा आवाज येत होता, जसं कुणी कपाट सरकवतंय. हे एका उशीवर, पाय पसरून, उताणे झोपले होते.

"अगंबाई, केवढं घोरतात हो!" वहिनी कानावर हात ठेवत म्हणाल्या. "उठवा की त्यांना."

"खबरदार!" मी म्हटलं. विरजणाची वाटी त्यांच्या हातात दिली, त्यांना हळूच बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली. मग ह्यांच्या उशाशी जाऊन बसले आणि पोटभर ऐकत राहिले.